खाडीकाठच्या जागेचं पूर्वायुष्य: ठाणे आणि नवी मुंबईत जुने नकाशे कसे शोधावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बाळकुम-कोलशेतच्या बाजूला, पूर्वी कारखाना असलेला एक भूखंड आणि कोपरखैरण्यात सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या) काळात उभ्या राहिलेल्या एका सोसायटीचा पुनर्विकास, अशी दोन कामं तुमच्या हातात आहेत. पाया ठरवण्याआधी त्या जमिनीवर पूर्वी काय होतं ते बघायचं आहे. इंटरनेटवर साष्टी बेटाचा एक ब्रिटिशकालीन नकाशा तुम्हाला सापडला आणि त्यावर बाळकुमची जागा कोरी दिसते. तेवढ्यावर ‘पूर्वी मोकळी जमीन’ असं अहवालात लिहिता येईल का, आणि आणखी नकाशे कुठे मिळतील?

लिहू नका. नकाशावर जागा कोरी आहे याचा अर्थ एवढाच, की नकाशा काढणाऱ्याला तिथलं काही नको होतं. महसूल खात्याचा मोजणीदार सारा देणारी जमीन मोजत होता. बांधापलीकडच्या चिखलातून सरकारला काही मिळत नसेल तर तो सगळा पट्टा त्यानं एका मोठ्या नंबरात टाकला आणि पुढे गेला. गलबतांसाठी काढलेल्या सागरी चार्टवर त्याच चिखलाची खोली जागोजागी मोजलेली असते, पण काठावरचं गाव अंदाजानं टेकवलेलं असतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या शीटवर चढउतार, वाटा, पाणी, वस्ती हे सगळं येतं, मात्र कुणाची जमीन कुठे संपते ते येत नाही. म्हणून मी कुठल्याही जागेसाठी निदान तीन वेगवेगळ्या कामांसाठी काढलेले नकाशे मागवतो आणि एकाची गैरहजेरी दुसऱ्यानं भरून काढतो. माझं काम पायाच्या सल्ल्याचं आहे. बोअर (माती तपासायची खोल छिद्रं) कुठे मारायचे हे ठरवण्यापुरते मला नकाशे लागतात, त्यामुळे पुढचं सगळं त्या नजरेनं वाचा. इतिहासाचा अभ्यासक कदाचित उलट्या क्रमानं सांगेल.

सुरुवात गाव नकाशापासून करा. तो दिसायला साधा असतो, त्यामुळे लोक त्याला शेवटी हात घालतात. पण बाकी सगळे नकाशे तुमची जागा ‘साधारण इथे’ म्हणून दाखवतात, तर गाव नकाशा तिला नंबर देतो, आणि सरकारी कपाटातला प्रत्येक कागद त्या नंबराखाली लावलेला असतो. बाळकुम असो की कोपरखैरणे, दोन्ही गावं ठाणे तालुक्यातली. त्यांचे मोजणीचे अभिलेख उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे. तिथे जाऊन ‘जुना नकाशा द्या’ म्हणालात तर खिडकीवरचा माणूस गाव नकाशाची झेरॉक्स देईल आणि विषय संपेल. अर्जात अभिलेखांची नावं घ्यावी लागतात: टिपण, गुणाकार बुक, फाळणी नंबर १२, आकारबंद (प्रत्येक नंबराचं क्षेत्र आणि सारा यांची नोंद), आकारफोड, कमी-जास्त पत्रक, आणि नंतर मोजणी झाली असेल तर त्या मोजणीची ‘क’ प्रत. एकेकाची नक्कल वेगळी मागा. काही तालुक्यांचे असे जुने कागद स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या शासनाच्या संकेतस्थळावर आले आहेत, तिथे आधी बघून मग कार्यालय गाठलंत तर फेऱ्या वाचतात.

नंबरांची साखळी जुळवणं हे यातलं खरं कष्टाचं काम. ठाण्याच्या आसपासच्या गावांत ‘जुना स.नं.’ आणि ‘नवा स.नं.’ असे दोन संच भेटतात, त्यात पुन्हा हिस्से पडलेले. जुन्या ठाणे शहरात नगर भूमापन झालेलं असल्यामुळे मिळकत पत्रिकेवर टिका नंबर आणि सि.टी.एस. नंबर असतो. पाचपाखाडीसारख्या भागात नगररचना योजनेचा अंतिम भूखंड क्रमांक त्यावर चढतो. त्या योजनेच्या नकाशावर मूळ भूखंड आणि अंतिम भूखंड दोन्ही असतात, तो मिळाला तर सोनं समजा. नवी मुंबईत तर सेक्टर आणि प्लॉट नंबराखाली सर्व्हे नंबर पार गाडला गेलाय. तुमच्या सोसायटीच्या भाडेपट्ट्यात तो सापडेलच असं नाही. अशा वेळी भूसंपादनाचा निवाडा आणि त्याला जोडलेला नकाशा काढायचा. सिडकोची स्थापना १९७० ची. त्यानंतर ९५ गावांची जमीन शासनानं संपादन करून तिच्याकडे दिली. ते निवाडे विशेष भूसंपादन अधिकाऱ्यांच्या मेट्रो सेंटर कार्यालयांतून झाले. सरळ अर्जाला उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार वापरा, पण गाव, सर्व्हे नंबर आणि हवा असलेला कागद नेमका लिहा. मोघम अर्जाला मोघम उत्तर येतं.

गाव नकाशा हातात आल्यावर प्रमाण नीट वाचा. जुन्या नकाशांवर ‘एक इंच = २० साखळ्या’ असं काहीसं लिहिलेलं असतं आणि तिथेच भलेभले फसतात. इंग्रजी पुस्तकांतली साखळी ६६ फुटांची. आपल्या मुंबई इलाख्यातल्या महसूल मोजणीची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. तेव्हा २० साखळ्या म्हणजे ६६० फूट, प्रमाण १:७,९२०. ६६ ची साखळी धरलीत तर सगळं दुप्पट होईल आणि तुमचा भूखंड शेजारच्या गावात जाऊन पडेल. ताळा करायला सोपी युक्ती आहे: आकारबंदातलं क्षेत्र घ्या आणि त्या नंबराचं नकाशावरून काढलेलं क्षेत्र त्याच्याशी ताडून बघा. झेरॉक्सवर हा ताळा कधीच नीट बसत नाही, कारण कापडावर चिकटवलेला जुना कागद आकसलेला असतो आणि यंत्र त्यात स्वतःची भर घालतं. शक्य असेल तिथे सपाट स्कॅन मागा आणि त्यात प्रमाणपट्टी आलीच पाहिजे असं सांगा.

आता एक गोष्ट सांगतो जी नकाशावर नसते, पण नकाशाइतकीच कामाची आहे. कोकणातल्या जमिनीची जुनी प्रतवारी भात, बागायत, वरकस अशी. हस्तलिखित सातबारा आणि निवाड्यांत हे शब्द भेटतात. ठाण्याच्या परिसरात ‘वरकस’, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, असं वाचलं की मुरूम किंवा खडक फार खोल नसणार असा पहिला अंदाज मी बांधतो. खाडीलगत ‘भात’ वाचलं की बांधाआडचं खार, म्हणजे खाडीचं पाणी बांधानं अडवून केलेली जमीन, आणि खाली मऊ चिकणमाती. पोटखराबाचा, म्हणजे नंबरातल्या लागवडीखाली नसलेल्या जागेचा, आकडाही बघा. पोटखराब ‘ब’ म्हणजे रस्ता, नाला, विहीर अशा सार्वजनिक उपयोगाखालची जागा. एखाद्या छोट्याशा नंबरात पोटखराब ‘ब’ भरपूर निघाला तर तिथून ओहोळ जात असणार, मग आज तिथे पेव्हर ब्लॉक का घातलेले असेनात. पीकपाहणीच्या रकान्यात वर्षानुवर्षं ‘गवत’ आणि ‘पड’ येत असेल आणि मधेच मिठागराचा उल्लेख असेल, तर त्या नंबराची अर्धी कहाणी तिथेच कळते.

यानंतर सर्व्हे ऑफ इंडियाची शीटं. तुमच्या दोन्ही जागा अवघड कडेवर आहेत. बाळकुम, कोलशेत आणि जुनं ठाणे ४७ए/१६ या क्रमांकाच्या शीटवर येतं, पण अगदी कोपऱ्यात. घोडबंदर रस्त्यानं कासारवडवलीकडे गेलात की ४७ए/१५ लागतं. कोपरखैरणे ७३ अंश रेखांशाच्या जरासं पूर्वेला, म्हणून ते ४७ई/४ वर. पनवेल ४७एफ/१, उरण ४७बी/१३. नेरूळ आणि उलवे यांच्या मधे, पनवेल खाडीच्या आसपास, ही चारही शीटं एकमेकांना भिडतात. त्यामुळे नवी मुंबईच्या दक्षिणेकडचं काम असेल तर एका शीटवर भागत नाही, आणि चार शीटं चार वेगळ्या वर्षांच्या सर्वेक्षणाची निघाली तर खाडीचा काठ सांध्यावर जुळत नाही. आजच्या ओपन सीरिजमध्ये (सर्वांना खुल्या असलेल्या नकाशांच्या मालिकेत) ४७ च्या जागी ई४३ येतं, पुढचं अक्षर आणि आकडा मात्र आपल्या भागासाठी तोच राहतो.

शीट हातात आलं की मधला नकाशा बघण्याआधी समास वाचा. छापल्याचं वर्ष आणि सर्वेक्षणाचं वर्ष यांत बरंच अंतर असू शकतं, आणि अहवालात सर्वेक्षणाचं वर्ष द्यायचं असतं. ‘आवृत्ती’ नवी असली तरी आतला बहुतेक मजकूर जुन्या मोजणीचा आणि फक्त रस्ते-रेल्वे वरून घातलेली, असंही होतं. खाडीकाठी समोच्च रेषांवर (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवर) फार विसंबू नका. १:५०,००० च्या शीटवर दोन रेषांमधलं उंचीचं अंतर बहुधा २० मीटर असतं आणि तुमचं सगळं खाजण (भरतीचं पाणी चढतं ती चिखलाची जमीन) पहिल्या रेषेच्या खालीच संपतं. तिथे बघायचं ते बांधाचं चिन्ह, खाडीच्या आत शिरलेल्या निळ्या फाट्या, मिठागरांच्या चौकटी, कांदळवनाची खूण आणि सुटे उंचीचे आकडे. डोंगराच्या बाजूला मात्र समोच्च रेषा कामाच्या. पारसिकच्या रांगेला लागून दगडखाणींनी किती डोंगर खाल्ला, किंवा विमानतळासाठी उलव्याचा डोंगर कापून नदी वळवण्याआधी तिथलं पाणी कुठून कुठे जात होतं, हे जुन्या शीटशिवाय सांगता येत नाही. बुजवलेल्या खाणीवर पाया घ्यायची वेळ आली तर हेच शीट तुमचा आधार.

मिळतात कुठे? ओपन सीरिजची शीटं सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून नोंदणी करून उतरवता येतात. जुन्या एक इंचाच्या, म्हणजे १:६३,३६० च्या आवृत्त्यांसाठी राज्य पुराभिलेखागार, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, मुंबईत काळा घोड्याला. दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि त्याचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ. लंडनची ब्रिटिश लायब्ररी. विद्यापीठांच्या भूगोल विभागांत जुनी शीटं अजून कपाटात पडून असतात, तिथल्या ग्रंथपालाशी नीट बोललात तर बघायला मिळतात. किनारपट्टीची शीटं दीर्घकाळ ‘प्रतिबंधित’ शिक्क्याखाली होती. २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक सूचनांनंतर वातावरण बरंच सैल झालंय, तरी शिक्का असलेल्या जुन्या प्रतीचा फोटो अहवालात छापण्याआधी संबंधित कार्यालयाला विचारून घ्या. अमेरिकन लष्करानं विसाव्या शतकाच्या मध्यात काढलेली १:२,५०,००० ची यू५०२ मालिका टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात फुकट आहे. प्रमाण लहान, म्हणून भूखंडासाठी निरुपयोगी, पण भोवतालचा पाण्याचा निचरा समजायला बरी.

शोधताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, सूचीत ठाणे ‘ठाणे’ म्हणून मिळणार नाही. इंग्रजी सूचींत ‘थाना’, ‘टाना’ अशी स्पेलिंगं टाकावी लागतात, आणि पुष्कळ कागद तालुक्याच्या जुन्या नावानं, ‘सालसेट’खाली लावलेले असतात. दोन, जिल्हा बदललेला असतो. पनवेल आणि उरण १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, मग कुलाब्यात गेले, आणि कुलाब्याचं रायगड झालं ते १९८१ मध्ये. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये पनवेल सापडतं ते म्हणूनच. हे गॅझेटियर उघडून ठेवा. त्यात मिठागरं, बंदरं, खार जमिनी, तलाव यांची वर्णनं नकाशाच्या सोबतीला उपयोगी पडतात.

तारीख नसलेला नकाशा हाती आला तर आपल्याकडे खुणा भरपूर आहेत. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे १८५३ ची, खाडी ओलांडून कल्याणकडे गेली १८५४ मध्ये. पारसिकचा बोगदा १९१६ चा. त्याआधीच्या नकाशावर रूळ डोंगराला वळसा घालून मुंब्र्याकडून जातात. ठाणे खाडीवरचा वाशीचा पहिला पूल १९७३ चा, मानखुर्द-वाशी रेल्वे १९९२ ची. नकाशावर बोगदा आहे पण वाशीचा पूल नाही, तर तो कुठल्या काळातला ते आपोआप अरुंद होत जातं. फक्त, प्रस्तावित रस्ता तुटक रेषेनं दाखवतात, तो झालेला समजू नका.

पोर्तुगीज आणि मराठेशाहीच्या काळातले आराखडे सुंदर आहेत, आणि ठाण्याचा किल्ला, जो आज मध्यवर्ती कारागृह आहे, त्याच्या भिंतीलगत काम असेल तर बघायलाच हवेत. तुमच्या दोन जागांसाठी त्यात वेळ घालवू नका.

उपग्रहाकडे वळू. अमेरिकेच्या ‘कोरोना’ या हेर उपग्रहांनी १९६० ते १९७२ मध्ये काढलेली छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली, आणि अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाच्या ‘अर्थ एक्स्प्लोरर’वर शोधता येतात. आधी कुणी स्कॅन करून घेतलेली पट्टी फुकट मिळते, नसेल तर पैसे भरून स्कॅन करून मागवता येते. शेवटच्या काळातल्या कॅमेऱ्याची स्पष्टता दोन मीटरच्या आत-बाहेर आहे. आणि हा काळ आपल्यासाठी नेमका मोक्याचा: सिडकोच्या आधीची, भरावाआधीची नवी मुंबई. भातखाचरांचे बांध, मिठागरांचे वाफे, खाडीच्या नागमोडी फाट्या अक्षरशः मोजता येतात. १९७२ पासूनचा लँडसॅट त्यामानानं फारच ढोबळ आहे, भराव कोणत्या वर्षांदरम्यान झाला एवढं सांगायला पुरतो. गूगल अर्थचं जुनं छायाचित्रण आपल्याकडे साधारण २००० नंतर उपयोगी पडतं. कोलशेतकडचे कारखाने पाडून टॉवर आले ते त्यात वर्षावर्षानं दिसतं.

कोरोनाच्या बाबतीत एक धोका सांगून ठेवतो. मुंबईच्या आसपास मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या जवळ जातो, आणि खाडीकाठची जमीन इतकी सपाट असते की ओहोटीच्या फोटोतला काठ आणि भरतीच्या फोटोतला काठ यांत शेकडो मीटर अंतर पडतं. दोन फोटो शेजारी ठेवून ‘खाडी मागे गेली’ असं म्हणणारे अहवाल मी वाचलेत. फोटोची तारीख-वेळ काढून त्या वेळची भरती हिशेबात घेतल्याशिवाय पाण्याच्या कडेवर काहीही बेतू नका. बांध आणि उघाड्या (बांधातली पाणी सोडायची दारं) बघा. त्या भरतीप्रमाणे जागा बदलत नाहीत.

आता हे सगळे कागद एकमेकांवर बसवणं. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीही करू शकतं, पण खुणेचे बिंदू कोणते घेता यावर सगळं अवलंबून. ठाण्यात कौपिनेश्वराचं देऊळ, मासुंदा तलावाशेजारचं चर्च, कारागृहाचे बुरूज, पारसिक बोगद्याची तोंडं हे टिकाऊ. नवी मुंबईत गावठाणातली देवळं, जुन्या विहिरी, बेलापूरचा किल्ला. गाव नकाशासाठी सगळ्यात चांगला बिंदू म्हणजे तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड, जागेवर सापडला तर. खाडीचा काठ, रस्त्याची कड, नाल्याचं वळण हे बिंदू कधीच घेऊ नका. ज्याचा शोध घ्यायचाय त्यालाच साक्षीदार केल्यासारखं होतं. पृथ्वीचा आकार धरण्याचा जुन्या शीटचा पाया एव्हरेस्ट गोलाभ, आजचा डब्ल्यूजीएस ८४. सॉफ्टवेअरमध्ये हे सांगितलं नाही तर आपल्या भागात शंभर मीटरच्या आसपास सरक येते. आणि ‘थिन प्लेट स्प्लाइन’ लावून चूक शून्य दिसली म्हणून खूश होऊ नका. ती पद्धत तुम्ही दिलेल्या बिंदूंवर शून्यच दाखवते, मधे कुठेही कितीही ताणते. चार-पाच बिंदू बाजूला ठेवा, जुळवणीत वापरू नका, आणि नंतर त्यांच्यावर किती फरक पडतो ते मोजा. तो आकडा अहवालात द्या. तो फरक २५ मीटरचा असेल तर ‘नाला भूखंडाच्या ईशान्य कोपऱ्यातून जात होता’ असं लिहिता येत नाही, ‘भूखंडातून किंवा त्याच्या लगत’ एवढंच लिहिता येतं.

याचा उपयोग कसा होतो ते एका कामावरून सांगतो, तुमच्या कोपरखैरण्याच्या जागेशी जुळणारं म्हणून. तिथल्याच एका सोसायटीत कंपाउंडच्या भिंतीला तडा, तळमजल्याच्या दोन घरांच्या फरशीला तडा, आणि मागच्या बाजूच्या पार्किंगला खड्डा. रहिवाशांचं म्हणणं, ड्रेनेजची पाइप गळते. तिन्ही जागा नकाशावर मांडल्या तर एका सरळ रेषेत, आणि ती रेषा सेक्टरच्या रस्त्यांना तिरकी. सेक्टरच्या आखणीत तिरकं काहीच नसतं, तेव्हा ही रेषा आखणीच्या आधीची असणार. ४७ई/४ च्या जुन्या आवृत्तीवर तिथून बांधाचं चिन्ह जात होतं. कोरोनाच्या फोटोत बांध स्वच्छ दिसला, एका बाजूला भाताची खाचरं आणि दुसऱ्या बाजूला खाडीचा फाटा. खार जमिनीचा बांध पिढ्यानपिढ्या तुडवून घट्ट झालेला असतो, दोन्हीकडे मऊ चिखल. वर एकसारखा मुरुमाचा भराव टाकला तरी बांधाच्या जागी जमीन कमी बसते, बाजूला जास्त, आणि तडा त्या कडेनं जातो. बोअर आधी प्लॉटच्या चार कोपऱ्यांत ठरले होते. ते बदलून बांधाच्या दोन्ही बाजूंना आणि एक फाट्याच्या मधोमध घेतला. चिकणमातीची जाडी तिथे एकदम बदलली.

तुमच्या सोसायटीसाठी हेच करा, आणि जवळचा धारण तलाव नक्की बघा. सिडकोनं नवी मुंबईच्या सखल भागांत पावसाचं पाणी भरतीच्या वेळी थोपवून धरायला हे तलाव आणि झडपा ठेवल्या. पुष्कळदा तलाव आणि त्याला मिळणारे नाले जुन्या खाडीफाट्यांच्याच वाटेवर असतात. तलावातून मागे मागे जात राहिलात तर तुमच्या इमारतीखालून कोणता फाटा जात होता त्याचा अंदाज येतो. नोड (सिडकोनं आखलेली उपनगरासारखी वसाहत) आखण्याआधीचे उंचीचे नकाशे आणि भरावाची ठरवलेली पातळी सिडकोच्या अभियांत्रिकी आणि नियोजन विभागांकडे मागा. दोन्हींची वजाबाकी म्हणजे तुमच्या भरावाची जाडी.

बाळकुमचा भूखंड वेगळ्या जातीचा. तिथे पाण्याइतकाच कारखान्याचा प्रश्न आहे. यासाठी लोकांना न सुचणारा कागद म्हणजे विद्यमान भूवापर नकाशा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २५ प्रमाणे विकास योजना करण्याआधी आहे त्या जमीनवापराचा नकाशा करावाच लागतो. मंजूर विकास योजना सगळे बघतात, त्याआधीचा हा नकाशा कुणी मागत नाही, आणि त्यात कारखाने, खाणी, तलाव, मोकळ्या जागा त्या वर्षी जशा होत्या तशा येतात. महापालिकेच्या शहर विकास विभागात मागा. दुसरा कागद: कारखाना अधिनियम, १९४८ खाली कारखान्याचे इमारत आराखडे मंजूर करून घ्यावे लागत, ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जात. त्यात बॉयलर कुठे, टाक्या कुठे, सांडपाण्याचा हौद कुठे हे दिसतं. मातीचे नमुने त्या जागांवरून घ्यायचे. जमीन विकणाऱ्यांकडे या आराखड्यांच्या प्रती बहुधा असतात, आधी त्यांच्याकडेच लेखी मागा, वेळ वाचेल.

सागरी चार्टचं मी वर म्हणालो. डेहराडूनचं राष्ट्रीय जलालेखन कार्यालय आजचे चार्ट काढतं, जुने ब्रिटिश ॲडमिरल्टीचे अभिलेखागारांत मिळतात. खोली फॅदममध्ये, म्हणजे सहा फुटांच्या मापात असते, आणि ती चार्टच्या स्वतःच्या पातळीपासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नाही. हे आकडे बोअरच्या पातळीशी थेट जोडू नका. ठाण्याच्या वरच्या खाडीत चार्ट तसेही विरळ होत जातात, तेव्हा बाळकुमसाठी त्यांच्यामागे फार लागू नका.

क्रम असा ठेवा: भूमी अभिलेख आणि मेट्रो सेंटरचे अर्ज आजच टाका, कारण नक्कल यायला वेळ लागतो आणि त्यांच्याशिवाय नंबर जुळत नाही. ते येईपर्यंत कोरोनाचा फोटो आणि ओपन सीरिज शीट घरबसल्या उतरवून जुळवून ठेवा. काळा घोड्याला जायचं तर नंबर हातात आल्यावरच जा. एशियाटिक सोसायटीचं ‘ग्रंथ संजीवनी’ संकेतस्थळ आधी चाळा, अनेक दुर्मीळ पुस्तकं आणि नकाशे तिथे स्कॅन केलेले आहेत. आणि एक दिवस गावठाणात जा. बाळकुम आणि कोपरखैरण्यात भात लावलेली, खाडीत मासे धरलेली आगरी-कोळी मंडळी अजून आहेत. त्यांच्यासमोर जुना फोटो मोठा छापून ठेवा आणि उघाडी कुठे होती एवढंच विचारा. बाकीचं ते स्वतःहून सांगतात. ऐकलेलं मात्र नकाशावर ताडून मगच लिहा.

शेवटी, तुम्ही न विचारलेलं पण तुमच्या बाळकुमच्या जागेला लागू होणारं. जुन्या नकाशावरचा काठ सीआरझेडसाठी (किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमांसाठी) चालत नाही. भरतीरेषा ठरवायला अधिकृत संस्था नेमलेल्या आहेत आणि मंजूर किनारपट्टी व्यवस्थापन आराखड्यावरची रेषाच धरली जाते. कांदळवन असेल तर त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही बघावा लागतो. ‘१९२५ च्या नकाशावर इथे जमीन होती’ हा युक्तिवाद घेऊन मालक तुमच्याकडे येईल, येतातच. त्याला गाव नकाशा दाखवू नका, आराखडा दाखवा. तो भूखंड खाडीपासून किती लांब आहे हे तुमच्या प्रश्नात नाही. बोअरवर खर्च करण्याआधी तेवढं तपासून घ्या.